क्लॉक उतरत नाही, म्हणजे नक्की काय बिघडलंय?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत कुठं चुकत असेल तर इथंच कळेल. लॅपटॉप आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेला एसएसडी. कसबा बावड्यात घरी बसून तुम्ही जीएसटीची आणि हिशेबाची कामं करता. काहीही उघडलेलं नसताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर तीन-चार टक्के दिसतो, पण स्पीड (यालाच क्लॉक म्हणतात) कायम ३.२ ते ३.४ गिगाहर्ट्झ. शेजारी बेस स्पीड १.८० लिहिलंय, तिथवर तो कधी उतरतच नाही. पंखा वाजत राहतो, बॅटरी दीड तासात संपते. दोनदा फॉरमॅट मारून झालं, फरक पडला नाही. एका दुकानात 'बोर्ड गेलाय', म्हणजे मदरबोर्ड बिघडलाय, म्हणून सांगितलं. आता बोर्ड बदलायचा की नवा लॅपटॉप घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्ही नको. राजारामपुरीत माझं दुरुस्तीचं टेबल मांडून अठरा वर्षं झाली. क्लॉक वर अडकलंय म्हणून आलेल्या लॅपटॉपमध्ये बोर्डाचा दोष निघाल्याचं मला एकदाही आठवत नाही. क्लॉक खाली अडकतं तेव्हा बोर्ड, चार्जर, सेन्सर यांच्यावर संशय घ्यावा लागतो, त्यावर पुढं बोलतो. तुमच्या बाबतीत मला वेगळंच वाटतं. तीन तक्रारी एकाच मोळीत बांधल्या गेल्यात: आकडा, पंखा आणि बॅटरी. तिन्हींचं कारण एकच असेल असं नाही. मोळी आधी सोडू.

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

एसटी स्टँडसमोरच्या एखाद्या रिक्षावाल्याला विचारा, 'मामा, रिक्षा किती स्पीडनं चालवता?' तो म्हणेल चाळीस-पन्नास. खोटं काही नाही त्यात. पण दिवसाचे सहा तास तो नंबर लागायची वाट बघत उभा असतो, इंजिन बंद करून. ते सहा तास त्याच्या उत्तरात येतच नाहीत, कारण तुम्ही विचारलंत 'चालवता तेव्हा किती'. टास्क मॅनेजरमधला स्पीडचा आकडा असाच आहे. कोअर (प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) जागा असतानाच्या क्षणांत तो किती वेगानं चालला, एवढंच तो सांगतो. सेकंदातला बाकीचा वेळ कोअर झोपलेला होता, हे त्या आकड्यात उतरत नाही.

आणि तो झोपतो म्हणजे अगदी गाढ झोपतो. प्रोसेसरला सी-स्टेट नावाच्या झोपेच्या पायऱ्या असतात. सी-झिरो म्हणजे जागा, काम करतोय. सी-सिक्सला पोचलं की कोअरमधली माहिती बाजूला ठेवून त्याची वीजच तोडली जाते. वीजच नाही म्हटल्यावर क्लॉक ३.४ आहे की ०.८, याला अर्थ उरत नाही. जागा असताना मात्र उरतो: वीज क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. म्हणून इंजिनिअरांनी हिशेब असा बसवला की काम आलं की झटकन वेग वाढवून उरकायचं आणि पुन्हा झोपायचं. एखादं काम १.६ वर रेंगाळत करत बसण्यापेक्षा ३.४ वर पटकन संपवून सगळी चिप झोपवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

जुने लॅपटॉप वापरलेल्यांना हे खटकतं, आणि त्यांचं चुकत नाही. २०१५ च्या आधीच्या इंटेलमध्ये कुठला वेग घ्यायचा हे विंडोज ठरवायची. लॅपटॉप रिकामा असला की आकडा ०.८ वर येऊन बसायचा, आपल्यालाही बरं वाटायचं. २०१५ मध्ये स्कायलेक पिढीबरोबर स्पीड शिफ्ट आलं आणि वेगाचा निर्णय प्रोसेसरकडे गेला. गुऱ्हाळात मालक घरात बसून 'आता चुलाणात एवढंच चिपाड घाल' असं दर मिनिटाला सांगत नाही. तो गुळव्याला सकाळी एकदाच सांगतो, गूळ कसा पाहिजे ते. जाळ कधी वाढवायचा, कधी ओढायचा, हे गुळव्या काहिलीकडं बघून ठरवतो. विंडोज आता अशीच एक सूचना देते, शून्य ते २५५ मधला एक आकडा. शून्य म्हणजे 'वेग पाहिजे, विजेची काळजी नको', २५५ म्हणजे 'वीज वाचव'. मधलं सगळं प्रोसेसर स्वतः बघतो, तेही विंडोजला जमायचं त्यापेक्षा कितीतरी पटकन. तुमचा ८२५०यू २०१७ चा, म्हणजे याच नव्या पद्धतीचा.

जाता जाता त्या १.८० बद्दल. प्रोसेसरच्या नावात १.६० लिहिलेलं असतं आणि टास्क मॅनेजर बेस १.८० दाखवतो, यानंही लोक गोंधळतात. ही चिप १५ वॅटला बसवली तर बेस १.६ आणि लॅपटॉप कंपनीनं २५ वॅटची मोकळीक दिली तर १.८, असं इंटेलनंच ठरवलंय. बिघाड नाही. आणि 'बेस' याचा अर्थ 'रिकामा असताना इथं उतरेल' असाही नाही. सतत भार असताना ठरलेल्या विजेत एवढा वेग टिकेल, ही हमी म्हणजे बेस.

अजून एक गंमत. टास्क मॅनेजर उघडणं हेसुद्धा प्रोसेसरला कामच आहे. बाळ झोपलंय का हे बघायला लाइट लावली तर ते उठणारच.

म्हणजे तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे का? तसं मी म्हणत नाही. पंखा वाजतोय आणि बॅटरी संपतेय, या खऱ्या तक्रारी आहेत. फक्त ३.४ हा आकडा त्यांचा पुरावा नाही. पुरावा दुसरीकडं शोधायचा.

त्यासाठी एचडब्ल्यू-इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि ते उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. पन्नास ओळी दिसतील, घाबरू नका, तीनच बघायच्या. पहिली 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे चिप किती वॅट खातेय. दुसरी तापमान. तिसरी 'इफेक्टिव्ह क्लॉक', यात झोपेचा वेळही धरलेला असतो, म्हणजे रिक्षावाल्याचा दिवसभराचा हिशेब. लॅपटॉप चालू करून पंधरा मिनिटं हात लावू नका, ब्राउझरसुद्धा उघडू नका, मग आकडे लिहून घ्या. एकदा चार्जर लावून, एकदा काढून.

पंधरा मिनिटं अशासाठी की चालू झाल्यावर विंडोज अपडेट शोधते, अँटिव्हायरस फाइली तपासतो, शोधासाठीची यादी तयार होते. फॉरमॅट मारल्यावर तर हे काही तास चालतं. तुम्ही फॉरमॅट मारून लगेच बघितलं असणार, आणि नेमकं तेव्हाच प्रोसेसर सगळ्यात जास्त राबत होता.

या जातीची निरोगी चिप रिकामी असताना माझ्या टेबलावर एक ते तीन वॅट खाते. तापमान खोलीवर अवलंबून आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा ५० दिसलं तरी मी गप्प बसतो. पावसाळ्यात तेच ४० च्या आसपास येतं. इफेक्टिव्ह क्लॉक शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा खाली दिसेल, जरी वरच्या ओळीत ३४०० लिहिलेलं असलं तरी. असं दिसलं तर प्रोसेसरचा विषय संपला, त्याला काहीही झालेलं नाही, तुम्ही थेट बॅटरीकडं जा. पण पॅकेज पॉवर आठ-दहा वॅटवर टिकून असेल आणि इफेक्टिव्ह क्लॉकही हजाराच्या पुढं असेल, तर कोणीतरी त्याला झोपू देत नाहीय.

बॅटरीचं आधी बोलतो, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि माझा पहिला संशय तिथंच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पॉवरसीएफजी' टाइप करा, एक जागा सोडा, स्लॅश देऊन 'बॅटरीरिपोर्ट' लिहा आणि एंटर मारा (हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत). रिपोर्टची फाइल कुठं ठेवली ते तिथंच खाली दिसेल, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला नवी असतानाचा, दुसरा आजचा.

आता साधं गणित. समजा नवी बॅटरी ४१ वॅट-तासांची होती. स्क्रीन, वायफाय धरून अख्खा लॅपटॉप हलक्या कामात आठेक वॅट खातो. म्हणजे पाच तास चालायला पाहिजे. तीच बॅटरी आज १३ वॅट-तासांवर आली असेल तर तेरा भागिले आठ, दीड तास आणि वर थोडी मिनिटं. तुमचा दीड तास आला की नाही! आणि यात प्रोसेसरचा काडीचाही दोष नाही. उलट बाजूनं बघा: बॅटरी खरंच ४१ ची शाबूत असून दीड तासात संपत असेल, तर लॅपटॉप २७ वॅट ओढतोय. १५ वॅटची चिप बसवलेला लॅपटॉप रिकामा असताना २७ वॅट ओढू शकत नाही, म्हणजे तो रिकामा नाहीच. दोन्हींपैकी कुठलं, हे रिपोर्टमधल्या दोन आकड्यांवरून लगेच कळतं. सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपची मूळ बॅटरी असेल तर मी पहिल्या बाजूला पैज लावेन.

आता धरून चालू की वॅट जास्त आहेत आणि प्रोसेसर खरंच जागा आहे. मग तीन ठिकाणी शोधायचं: त्याला कोणी 'वरच राहा' असा हुकूम दिलाय का, त्याच्याकडून कोणी गुपचूप काम करून घेतंय का, किंवा झोपेची सोयच कोणी बंद केलीय का. मी याच क्रमानं जातो, कारण पहिलं तपासायला पाच मिनिटं लागतात आणि शेवटच्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरावं लागतं. एका वेळी एकच बदल करा, मग आकडे बघा. पाच सेटिंग एकदम फिरवून लॅपटॉप सुधारला तर कशानं सुधारला हे कळत नाही, आणि बिघडला तरी कळत नाही.

हुकूम म्हणजे पॉवर प्लॅन. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', मग ॲडव्हान्स्ड, त्यात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'. 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' बघा. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये तिथं ५ टक्के असतं. हाय परफॉर्मन्स प्लॅनमध्ये चार्जरवर असताना १०० टक्के. शंभर म्हणजे गुळव्याला सांगून ठेवलंय, काहिलीत रस असो-नसो, जाळ कमी करायचा नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये मला हेच सगळ्यात जास्त सापडतं. गेमिंगचा व्हिडिओ बघून 'अल्टिमेट परफॉर्मन्स' नावाचा प्लॅन चालू केलेला असतो, त्यांच्या भाषेत 'विषय हार्ड' करायला, आणि महिन्यानं लॅपटॉप तापतो म्हणून माझ्याकडं येतात. तुम्ही असं काही केलं नसेल, पण फॉरमॅट मारून देणारा दुकानदार स्वतःचे 'स्पीडचे' बदल करून देतो, तेव्हा बघून घ्याच. गोंधळ जास्त वाटला तर 'पॉवरसीएफजी स्लॅश रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स' ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून द्या. सगळे प्लॅन मूळ पदावर येतात. कोणी हातानं बनवलेला प्लॅन असेल तर तो पुसला जातो, एवढं लक्षात असू द्या.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'पॉवर मोड' वेगळा असतो, तोही बघा. 'बेस्ट परफॉर्मन्स' म्हणजे मघाचा तो सूचनेचा आकडा शून्याच्या बाजूला ढकलला. 'बॅलन्स्ड' किंवा हिशेबाच्या कामाला 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' पुरेसं आहे.

हुकमाची आणखी एक जागा आहे, आणि फॉरमॅटनं फरक का पडला नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथं मिळतं. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यात शांत, साधारण, जोरात असे मोड असतात. कधी ते एफएन बटणाबरोबर एखादं अक्षर दाबलं तरी बदलतात, आणि चुकून दाबलं गेल्याचं कोणाला कळत नाही. काही लॅपटॉपमध्ये हा मोड विंडोजमध्ये नाही तर बोर्डावरच्या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये साठवलेला असतो. विंडोज कितीही वेळा मारा, तो तसाच राहतो. तुमच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर टाकून मोड एकदा साधारणवर आणा. सॉफ्टवेअर मिळत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. काही मॉडेलमध्ये एवढ्यानंही कंट्रोलर ताळ्यावर येतो, काहींमध्ये आतून बॅटरीची पिन काढावी लागते. ते घरी करू नका.

चार्जर काढल्यावर वॅट खाली येत असतील आणि लावल्यावर वर जात असतील, तर समजा हे सेटिंगचंच प्रकरण आहे. विंडोज दोन्हींसाठी वेगळी मूल्यं ठेवते.

आता दुसरं, गुपचूप काम. इथं जरा रेंगाळतो, कारण हिशेबाच्या लॅपटॉपमध्ये मला खरा चोर बऱ्याचदा इथं सापडलाय.

तुमच्या प्रोसेसरला चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी काम चालवायच्या वाटा) आहेत. एखादा प्रोग्रॅम चुकून गोल फिरत बसला आणि त्यानं एक थ्रेड पूर्ण व्यापला, तर शंभर भागिले आठ, म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये साधारण साडेबारा टक्के दिसतील. 'फक्त बाराच टक्के वापर आहे की' म्हणून सगळे सोडून देतात. पण तो एक कोअर एक क्षणही झोपत नाही, क्लॉक शेवटच्या टोकाला, पंखा चालू. वापर बारा-तेरावर चिकटून बसलेला दिसला तर मी सरळ 'डिटेल्स' टॅब उघडतो आणि सीपीयूच्या रकान्यानं क्रम लावतो. तुमच्याकडं तीन-चार टक्के आहेत, म्हणजे पूर्ण थ्रेड नव्हे, पण कोणीतरी सतत टोचतंय असं असू शकतं. दर काही मिलिसेकंदांनी उठवत राहिलं तर एकूण काम थोडंच होतं, पण गाढ झोप लागत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातला लॅपटॉप असाच आला होता. रिकामा असताना ११ वॅट. प्लॅन बरोबर, मोड बरोबर, व्हायरस नाही. शेवटी सापडलं ते प्रिंटरचं सॉफ्टवेअर. प्रिंटर वर्षापूर्वी भंगारात गेलेला, पण त्याची सेवा (सर्व्हिस, म्हणजे मागं न दिसता चालणारा प्रोग्रॅम) नेटवर्कवर त्याला शोधत बसलेली. हाक मारायची, उत्तर नाही, पुन्हा हाक. ते सॉफ्टवेअर काढलं आणि दहा मिनिटांत २ वॅटवर आला. मी त्या दिवशी बिल किती लावावं या विचारातच पडलो. तुमच्याकडं डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर असेल, अंगठ्याच्या मशीनची सेवा असेल, जुन्या स्कॅनरचं काहीतरी असेल. ही सगळी मंडळी टोकन लावलंय का, मशीन जोडलंय का, हे सतत डोकावून बघतात. बहुतेक वेळा सभ्यपणे बघतात, कधीकधी नाही.

शोधायची माझी पद्धत सरळ आहे. सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडायचं, सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायची खूण करायची आणि उरलेल्या सगळ्या बंद करून रीस्टार्ट. वॅट खाली आले तर चोर त्यांच्यातच. मग अर्ध्या चालू करायच्या, पुन्हा बघायचं. ज्या अर्ध्यात वॅट वाढले, त्यांच्या पुन्हा अर्ध्या. घरातलं वायरिंग कुठं शॉर्ट आहे हे वायरमन जसं एकेक लाइन तोडून शोधतो, तसंच. सोळा सेवा असतील तर चार रीस्टार्टमध्ये सापडतो. हे करताना सहीचं टोकन बंद राहील, म्हणून रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हा खेळ मांडू नका.

'पॉवरसीएफजी स्लॅश एनर्जी' ही कमांडही उपयोगी आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून द्या, साठ सेकंद काही करू नका, ती रिपोर्ट देते. त्यात 'टायमर रिझोल्यूशन' नावाची ओळ शोधा. विंडोजचं घड्याळ नेहमी १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं. एखादा प्रोग्रॅम, बऱ्याचदा ब्राउझरमधला व्हिडिओ किंवा मीटिंगचं सॉफ्टवेअर, ते १ मिलिसेकंदावर आणायची मागणी करतो, आणि कोणी मागणी केली त्याचं नाव रिपोर्टमध्ये येतं. यूएसबीचं कुठलं उपकरण झोपत नाहीय, हेही तिथं दिसतं.

'सिस्टिम इंटरप्ट्स' नावाची ओळ टास्क मॅनेजरमध्ये एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर सॉफ्टवेअर सोडा, यूएसबीला जोडलेलं सगळं काढा. माउस, हब, डोंगल, सगळं. खराब झालेला हब किंवा बिघडलेला ड्रायव्हर प्रोसेसरला सारखी चिमटे काढत बसतो.

आणि हो, मायनर. फुकटात मिळालेलं, क्रॅक मारलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याच्या पोटातून दुसऱ्याच्या कमाईसाठी राबणारा प्रोग्रॅम येऊ शकतो. यातले काही इतके चलाख असतात की टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. ओळखायची खूण कानानं पटते: पंखा जोरात चालू आहे, तुम्ही टास्क मॅनेजर उघडला आणि अर्ध्या मिनिटात पंखा शांत. असं वारंवार होत असेल तर त्या लॅपटॉपवरून बँकेत लॉगिन करू नका. नीट साफ करून घ्या, आणि फॉरमॅटनंतर तेच क्रॅक पुन्हा टाकलं जात नाहीय ना हेही बघा. फॉरमॅट दोनदा मारूनही आजार परत येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

तिसरं, झोपेची सोय. बायोसमध्ये सी-स्टेट्स, स्पीडस्टेप, स्पीड शिफ्ट अशी नावं दिसली तर ती चालू आहेत का बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सेटिंग दिसतच नाहीत, तेव्हा 'लोड डिफॉल्ट्स' एवढंच करायचं. त्याआधी आतल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट मी सगळ्यात शेवटी ठेवतो. करायचंच झालं तर चार्जर लावून आणि बॅटरी किमान अर्धी भरलेली असताना. तुमची बॅटरी खरंच मेलेली असेल तर अपडेटच्या मध्ये लाइट गेली की लॅपटॉप बंद पडेल आणि तेव्हा मात्र बोर्ड खरंच माझ्याकडं येईल.

हायपर-व्ही (कॉम्प्युटरात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय) किंवा कोअर आयसोलेशन (सुरक्षेची सोय) चालू असेल तर विंडोज स्वतःच एका पातळ थरावर बसून चालत असते आणि क्लॉकची रीडिंग आणखी बेभरवशाची होतात. तिथं वॅट आणि तापमान यांच्यावरच विश्वास ठेवा.

इतकं सगळं करूनही उलगडा नाही झाला तर माझा शेवटचा पंच म्हणजे पेन ड्राइव्ह. उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा पेन ड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप चालू करतो आणि वीस मिनिटं ठेवून देतो. पंखा शांत झाला, खालची बाजू गार पडली, तर हार्डवेअर निर्दोष आणि भांडण विंडोजमध्ये. उबुंटूतही तापत राहिला तर कंपनीचा मोड, बायोस, मग बाकीचं. तिथं गव्हर्नरचं, म्हणजे वेग कसा ठरवायचा त्या सेटिंगचं, नाव 'पॉवरसेव्ह' दिसलं म्हणून घाबरू नका. या इंटेल ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे कायम मंद असं नाही, काम आलं की तो वर जातोच.

बोर्डाबद्दल सांगायचं राहिलं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याच्या चुंबकावर लोखंडाची काळी भुकटी मिशीसारखी चिकटलेली होती. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पट्ट्या बंद. त्याचं क्लॉक कुठं होतं? ०.८ वर. धूळ आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट यांनी प्रोसेसर तापतो, आणि तापला की तो स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो. चार्जर ओळखणारी पिन तुटली, एखादा सेन्सर खोटी गरमी सांगू लागला, तरी वेग खालीच येतो. म्हणून 'सर्व्हिसिंग करा, क्लॉक उतरेल' हे कोणी सांगितलं तर ते उलटं आहे. सर्व्हिसिंग जरूर करा, इतक्या वर्षांत केली नसेल तर पंख्याचा आवाज आणि तापमान नक्की कमी होईल. ३.४ चा आकडा त्यानं हलणार नाही. आणि बोर्ड बदला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, 'कुठल्या रीडिंगवरून ठरवलंत?' उत्तरात टास्क मॅनेजरचा स्पीड आला तर लॅपटॉप उचलून घरी या.

तरीही चटकन आराम पाहिजे असेल तर एक युक्ती आहे, पण ती मलमपट्टी आहे हे आधीच सांगतो. 'मिनिमम'च्या जवळच 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' आहे, ते १०० वरून ९९ करा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल, पण शंभराच्या खाली आलं की टर्बोच (बेसच्या वर जायची सोय) बंद होतो आणि तुमची चिप बेसच्या आसपास थांबते. पंखा लगेच शांत. रिटर्न भरणं, मेल, साधं एक्सेल यात तुम्हाला फरक जाणवणारही नाही. हजारो ओळींची फाइल पुन्हा मोजायला लावलीत तर जाणवेल. मी हे बॅटरीच्या रकान्यात ९९ आणि चार्जरच्या रकान्यात १०० असं करून देतो. फक्त यानं चोर पकडला जात नाही, तो १.८ वर चोरी करत राहतो. त्यामुळं तपास करताना आधी १०० वर ठेवा.

तर आज रात्री बॅटरी रिपोर्ट काढा आणि पंधरा मिनिटं वाट बघून पॅकेज पॉवर लिहून घ्या. डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी, चार्जरसह वॅट, चार्जरशिवाय वॅट, एवढे चार आकडे मला कळवा. त्यावरून पुढं कुठं हात घालायचा ते सांगतो. आणि हे सगळं सुरू करण्याआधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुलतोय का, टचपॅड मधून वर उचलल्यासारखा लागतोय का, झाकण नीट बसतंय का, ते बघा. यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगलीय. मग आकड्यांचं राहू द्या, चार्जर लावू नका आणि ती बॅटरी आधी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.